पुसायचं, घासायचं नाही

मी एक जुनी चिंधी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! आज मी काळीकुट्ट दिसते, पण एके काळी मी निळ्या चौकटींच्या फ्लॅनेलच्या शर्टाची पाठ होते. तो शर्ट या घरातल्या बाबांचा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कोपर फाटलं तेव्हा आईने शर्ट टाकायला काढला, तर बाबांनी कात्री घेऊन मला कापून ठेवलं. म्हणाले, "ही माझ्या घड्याळाला."

"घड्याळाचे लाड बघा!" आई म्हणाली. "माझे कधी केलेत एवढे?"

तेव्हापासून बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन मनगटावरचं स्टीलचं घड्याळ माझ्या कुशीत ठेवायचे. त्याचा घाम टिपायचा, ग्रीस टिपायचं, एवढंच माझं काम. घड्याळावर ओरखड्यांना नवीन जागा उरली नव्हती. आईला भांडी लख्ख घासायची सवय. एकदा तिने घड्याळालाच हात घातला, तर बाबा धावत आले.

"अगं बाई, ते पातेलं नाही! पुसायचं, घासायचं नाही. ही कडेची खोल रेघ बघ. बबडी झाल्याचा निरोप आला आणि मी जो पळत सुटलो, तो लोखंडी दारावर हात खरवडला. ही तेव्हाची."

बबडी तेव्हा पाळण्यात झोपली होती. तिला यातलं काही कळलं नाही.

ती मोठी झाली, कमावती झाली. आणि एक दिवस कामावर गेलेले बाबा परत आलेच नाहीत. छातीत कळ आली म्हणे. सोबतच्या माणसाने घड्याळ आणून आईच्या हातात ठेवलं. मी ड्रॉवरमध्ये पडून राहिले. मला कोण विचारतंय!

आईची नजर अधू होत चालली होती. ती रोज खिडकीपाशी घड्याळ घेऊन बसायची आणि त्या खोल रेघेवरून अंगठा फिरवायची. बबडी दारातून बघायची. तिला वाटलं, आईला ओरखडे सलतात, बिचारी बोटाने घालवायला बघते. चुकीचं वाटलं, पण मायेने वाटलं हो!

मग एका सुट्टीच्या दिवशी आई मावशीबरोबर डोळे तपासायला गेली, तेव्हा बबडीने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. पिना काढून पट्टा सोडवला, जुन्या ब्रशने साबण लावून धुतला. काचेवर चिकटपट्टी लावली. आधी पॉलिश पेपर, मग पॉलिश आणि मी. माझा जीव नुसता खालीवर होत होता. ओरडावंसं वाटलं, पण चिंधीला तोंड कुठलं? ती खोल रेघ जाता जाईना. बबडीने तिच्यावरच सगळ्यात जास्त जोर लावला. हात भरून आले तरी थांबली नाही. शेवटी रेघ गेली. झिजलेलं सगळं काळं माझ्या अंगात आलं.

आई आल्या आल्या बबडी म्हणाली, "आई, डोळे मीट. हात पुढे कर."

आईचा अंगठा कडेवरून एकदा फिरला, पुन्हा फिरला.

"कुणाचं गं हे?"

"बाबांचंच! नवंकोरं केलंय तुझ्यासाठी."

"चेष्टा पुरे. आपलं दे ना."

बबडीने पॉलिशने काळी झालेली मी तिच्यापुढे धरली. तेव्हा आईला सगळं कळलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हळू आवाजात त्या रेघेची गोष्ट सांगितली. बबडी तिच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडली. "तुला सांगायचं राहूनच गेलं गं," आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी बबडी मला साबणात बुडवायला निघाली, तर आईने झडप घालून मला ओढून घेतलं. "धुऊ नकोस! जे काय उरलंय ते हिच्यातच आहे."

मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरातल्या माणसाची जुनी वस्तू चमकवायची असेल, तर आधी त्या माणसाजवळ बसा. तिच्यावर काय काय आहे ते विचारा.

घड्याळ आता ड्रॉवरमध्ये आरशासारखं चमकतं आणि आई संध्याकाळी मला घेऊन बसते. तिचा अंगठा माझ्यावरून फिरतो, ती रेघ शोधतो. मी पडले मऊ चिंधी. कुठून देऊ?