सात आसरांची पंगत

वैशाखातलं ऊन त्या तळ्यावर उतरायचं ते वितळलेल्या पितळेसारखं. काठचे करंज पोपटी, कातळ काळाभोर, आणि मधोमध पाणी. निळं म्हणावं तर हिरवं, हिरवं म्हणावं तर काळं. मोराच्या मानेसारखं, नजर ठरू न देणारं. भर दुपारी, सावली सरपटत पायाखाली लपते त्या घटकेला, तिथं वारासुद्धा पाय न वाजवता चालायचा.

कारण ती घटका आसरांची. सात जणी. जलवासिनी, मुक्तकेशिनी, अंगाची हळद उतरायच्या आत बुडालेल्या सात नववधू. त्या कशा बुडाल्या हे गाव सांगत नसे. कुणी ढकललं, कुणी नांदू दिलं नाही, हे कुठलंच गाव सांगत नसतं.

गाव दुसरंच सांगायचं. एके काळी हे तळं लग्नाला भांडी द्यायचं म्हणे. आदल्या दुपारी काठावर हळदकुंकू वाहावं, हंडे किती, पराती किती, वाट्या किती ते पाण्याला सांगावं. पहाटे भांडी काठावर. सोनेरी, शीतळ, पाझरती. कार्य आटोपलं की घासूनपुसून, लखलखीत करून पाण्यात सोडायची. मग एका लग्नाला एक वाटी कमी आली. पुढच्या लग्नाला काहीच आलं नाही. तळं रुसलं. आता कुणी मागायला गेलं तर ते नवरीच ओढून नेईल, असं म्हातारे सांगायचे.

वाटी चोरली कुणी? ते ठरवायला गावाला निमिष लागलं नाही. भांडी घासणारीनं. दुसरं कोण असणार? ओटीवर लोडाला टेकून बसणाऱ्या घरातली चोरी गावाला कधी दिसलीय?

ती घासणारी म्हणजे हौसाच्या सासूची सासू. दोन पिढ्या मातीत गेल्या, पण घराचं नाव ‘वाटीचोराचं घर’ ते तसंच राहिलं. आणि गंमत बघा, गावच्या प्रत्येक लग्नात भांडी घासायला तेच घर लागायचं. हौसाचे हात राखेनं पांढरे, करवंटीनं खरबरीत. साऱ्या पंगती उठल्यावर, पातेल्याच्या बुडाशी उरलेली खरवड बोटानं निपटून खायची, हे तिचं लग्नातलं जेवण.

आता लग्न तिच्याच मैनाचं होतं. उद्यावर आलेलं. पत्रावळी रानातून मिळाल्या. पण दीडशे माणसांचा भात ओंजळीत शिजत नाही. गावकीची भांडी मागायला हौसा तात्याबा कारभाऱ्याकडे गेली. तात्याबा सुपारी कातरत बसला होता. तुमच्या घरात सार्वजनिक भांडं कसं द्यायचं, असं त्यानं अगदी मायेनं विचारलं. वऱ्हाड उपाशी परत जाईल, सोयरीक मोडेल, असं ती म्हणाली. अडकित्ता कटकन वाजला.

“मग तळ्याकडं माग की, हौसे. तुमचं जुनं येणंजाणं हाय तिथं.”

ओटीवरची चार माणसं खो खो हसली. हौसा उठली. ती तडक तळ्याकडे चालू लागली. डोक्यावर ऊन, पोटात ऊन, डोळ्यांत ऊन.

काठावर तिनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं. दोन हंडे, चार पातेली, दोन पराती, सात वाट्या. पाण्याला असं सांगताना तिचा आवाज शेजारणीकडे विरजण मागावं तसा साधा होता.

पाणी थिजलं. करंजाचं पानही हलेना. आणि मग केस वर आले. आधी केस, शेवाळासारखे पसरत जाणारे, लांबच लांब, काळे, हिरवे, काळे. मग कपाळं. मग डोळे, शिंपल्यांच्या पोटासारखे पांढरे, बाहुली नसलेले. सात मुखं, सात मुंडावळ्या, गळ्यापर्यंत चढलेलं पाणी. हौसाच्या अंगावर काटा असा उठला की तिच्या बांगड्या किणकिणल्या. घरी मैनाच्या अंगाला सकाळीच हळद लागली होती.

तरी ती बोलली. “कार्य झालं की घासूनपुसून लखलखीत आणून देते, बायांनो.”

“पुन्हा रिकामी?”

आवाज एकीचा की सातींचा, कळलं नाही. थोरलीनं पाण्यातून ओंजळ वर काढली. ओंजळीत एक वाटी होती. झिजलेली, पानाएवढी पातळ. तिच्या बुडाशी एक लालसर डाग.

“एवढी एकच नीट घासली नव्हती कुणीतरी,” थोरली म्हणाली. “शिरा चिकटला होता. तेवढाच आला आमच्या वाट्याला. आम्ही ठेवून घेतली. बाकीची रिकामीच परत येणार, म्हणून मग द्यायचंच सोडलं.”

हौसाला उमगलं, आणि उमगलं ते पोटातून उमगलं. या साती जणी आपल्याच लग्नात उपाशी राहिलेल्या. आणि गावानं काय केलं? पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या भांड्यांत जेवून ढेकर दिले, आणि उपाशी पोरींच्या हातात चकचकीत रिकामी भांडी ठेवली. वर स्वच्छतेचा तोरा. चोरी कसली? एका थकलेल्या बाईच्या हातून एक वाटी घासायची राहिली, एवढंच.

“भरून आणीन,” हौसा म्हणाली. “आणि उरलंसुरलं नाही. पहिलं तुमचं.”

पहाटे काठ झळाळत होता. हंडे, पराती, पातेली. बाहेरून दंव पाझरणारी, आतून उगवतीचा उजेड धरून राहिलेली. चुलीवर चढली तरी त्यांचे काठ गारच राहिले. भात मात्र असा शिजला की दाणा दाण्याला चिकटेना. अक्षता पडल्या. मैना नांदत्या घरची झाली. पंगत बसायच्या आधी हौसानं पहिला भात, पहिली आमटी, पहिली बुंदी काढून पानांखाली झाकली. बायका कुजबुजल्या, आधी देवाचं, मग पुरुषांचं, हे काय नवंच? हौसा पंगत वाढायला वळली.

तात्याबाही आला होता, भांडी बघायला. बघितली, आणि पान सोडून उठावं की बसावं ते त्याला सुचेना. हौसा त्याच्या पुढ्यात वाढायला वाकली.

“वाटी चोरली नव्हती, कारभारी. घासायची राहिली होती. जेवा तुम्ही.”

तो जेवला. खाली मान घालून. सारी पंगत ऐकत होती.

बायका राख घेऊन सरसावल्या तेव्हा हौसानं हात आडवा धरला. मग सावली पायाखाली गेल्यावर, डोक्यावर अन्नाचे हंडे घेऊन, तिच्या घरची माणसं काठापर्यंत आली आणि भांडी टेकवून परतली. पुढं ती एकटी उतरली, घोटाभर पाण्यात, गुडघाभर पाण्यात.

त्या आल्या. शिंपल्यांचे डोळे, शेवाळाचे केस, निळी नखं. हौसानं सात वाट्यांतून वाढलं. अधाशी, ओल्या हातांनी त्या जेवल्या, आणि घासाघासानं त्यांच्या डोळ्यांत बाहुल्या उमटत गेल्या. काळ्या, लकाकत्या, पोरसवदा.

धाकटीचा हात तोंडाशी थांबला.

“तू जेवलीस?”

हौसाला आठवेना. काल नाही. आज नाही. असं कुणी विचारल्याचंही आठवेना. तिनं मान हलवली.

धाकटीनं बुंदीचा घास पुढं केला. बर्फासारखी बोटं हौसाच्या ओठांना लागली, आणि ती पाण्यातच मांडी घालून बसली. पाणी छातीपर्यंत आलं. गार वाटलं. बरं वाटलं. आठ बायका, एक पंगत, कुणी उठा म्हणणारं नाही. वाढत राहिल्या एकमेकींना, ऊन कलेपर्यंत, करंजांच्या सावल्या लांबेपर्यंत. आणि मग तळ्याच्या अगदी तळातून एक मोठा बुडबुडा उठला, ढेकरासारखा, संथ, सोनेरी, तृप्त; वर आला, फुटला, आणि त्याचं वर्तुळ पसरत गेलं, पसरत गेलं, काठाला टेकलं.