दहा मोजेपर्यंत

घणाचा दुसरा घाव मनगटावर बसला तेव्हा पाथरवट ओरडलासुद्धा नाही. ओरडली ती त्याची बायको. मुकादमाच्या दोन माणसांनी तिला दाराशी दाबून धरलं होतं. तिने एकाच्या अंगठ्याचा असा लचका तोडला, की तो आईच्या नावाने बोंबलला. मग तिच्या थोबाडीत बसली आणि एक दात हलला.

"बघू उद्या कसा उजवा हात वर करतोस ते," मुकादम घण खाली टाकत म्हणाला. "कोणी विचारलं तर दगड पडला म्हणायचं."

ते गेल्यावर तिने पातळ फाडून हाताला फळी बांधली.

"जाऊ दे गं," नवरा कण्हला. "एका हाताने काय होतंय?"

"काय होतंय? दहा जण मुकादमाचे, दहा लोहारबाबांचे. तुमच्या एका हातावर सगळं अडलंय! भावाला विसरलात?"

मागच्या महिन्यात खाणीत इशारा न देता सुरुंग उडवला होता आणि तिच्या धाकट्या दिराला गोणीत भरून घरी आणावं लागलं होतं. नव्या कायद्याने कामगारांना पहिल्यांदाच आपला माणूस निवडायचा हक्क मिळाला होता; एकीकडून मुकादम उभा होता, दुसरीकडून लोहारबाबा. तो माणूस 'थांब' म्हणाला, की मालकालाही सुरुंग उडवता येणार नव्हता. मत म्हणजे उजवा हात डोक्याच्या वर, अधिकारी दहा मोजेपर्यंत. मधेच खाली आला की मत गेलं. कायदा लिहिणाऱ्या शहाण्यांना घण कुठला ठाऊक असायला! बायकांना तर मतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाचे दहा हात मोजून झाले. मग लोहारबाबांचे वर झाले. पाथरवटाचा हात खांद्यापर्यंत गेला आणि पडला. तशी ती मतदारांभोवती बांधलेल्या दोरीखालून आत घुसली, त्याचं कोपर धरलं आणि हात वर रेटला. तो गुरासारखा ओरडला.

"बाई, बाहेर व्हा! तुम्हाला मत नाही."

"मी कुठे मत देतेय? मी हात धरलाय. तुम्ही मोजा."

अधिकाऱ्याने कायद्याचा कागद उलटसुलट पाहिला. हात कोणी धरावा याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

"एक," तो म्हणाला.

तिनाला मुकादमाची काठी तिच्या पाठीत बसली. पाचाला कानावर. लोहारबाबा पुढे झेपावणार, तोच ती किंचाळली, "हात खाली घेऊ नका रे कोणी!" दहा धडधाकट पुरुष हात वर करून रडत उभे राहिले. साताला तिच्या बरगडीत काहीतरी कडकन मोडलं. तिला श्वास घेता येईना, पण कोपर तिने सोडलं नाही.

"दहा. अकरा मतं. हात खाली."

लोहारबाबांनी आधी मुकादमाची काठी हिसकावली. पाथरवट जागीच कोसळला. अधिकाऱ्याने आकडा लिहिला, वर पाहिलं आणि त्याची लेखणी थांबली.

"बाई, झालं ना आता. तुम्हीही हात खाली घ्या."

तिने दातासकट रक्त थुंकलं. तिचा उजवा हात तसाच डोक्याच्या वर होता.

"माझा अजून मोजलात कुठे?"