पोरींच्या शर्यतीचा बार

मित्रांनो, आधी घाबरू नका. मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे खरा, पण माझं पोट रिकामं आहे आणि मी जन्मात कुणाचं रक्त सांडलेलं नाही. उलट मी माणसांना पळायला लावलंय, तेही हसत हसत!

दूरदेशच्या कारखान्यात पोलाद तापवून, ठोकून, कानशीने घासून मला घडवलं. मी जरा हट्टी जातीचा. नुसता चाप दाबून बोलणारा नव्हे. दर वेळी अंगठ्याने माझा घोडा मागे ओढावा लागतो. तो ओढला की काडतुसांचं चाक एक घर पुढे सरकतं, आणि मग चाप दाबला की मी गरजतो. नागपूरच्या धंतोलीतले गणपतराव माझे मालक. जंगलखात्यात असताना एकदा त्यांच्या वाटेत अस्वल आडवं आलं. मी आभाळाकडे तोंड करून असा ओरडलो की अस्वलाने मागे वळूनही पाहिलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली ती मात्र गणपतरावांची!

ते निवृत्त झाले आणि मी लाकडी पेटीत गेलो. दसऱ्याला शस्त्रपूजेत त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मला पाटावर ठेवत, हळदकुंकू वाहत आणि सढळ हाताने तेल पाजत. हिवाळ्यात शहरातल्या शाळांच्या स्पर्धा असत. तेव्हा गोळी नसलेली, नुसत्या आवाजाची काडतुसं भरून गणपतराव मला मैदानावर नेत. मुलांच्या शर्यती माझ्या बारावर सुटत, मुलींच्या मात्र शिट्टीवर. असं का, ते मला कधी कळलं नाही.

एके वर्षी मुलींच्या शर्यतीला बँड वाजत होता. सगळ्यात बाहेरच्या रेषेवरच्या तुळजाला शिट्टी ऐकूच आली नाही. बाकीच्या सुटल्या, ही ओणवी ती ओणवीच! लोक खो खो हसले. तिच्या खेळाच्या बाई, पंचफुलाबाई, ते हसणं विसरल्या नाहीत. १९७२च्या स्पर्धा आल्या तशा त्या स्पर्धेचे चिटणीस कृष्णकांतराव यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"या वर्षी पोरींची शर्यतबी बारावरच सुटली पाहिजे, सर."

"ठीक आहे," कृष्णकांतराव म्हणाले. "आदल्या दिवशी बार तपासू. फसला तर सगळ्यांनाच शिट्टी. मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

आदल्या दिवशी सकाळी मैदानावर माझा पहिला बार झकास उडाला. दुसऱ्या वेळी गणपतरावांनी घोडा ओढला, पण चाक अर्ध्या वाटेतच अडकलं. चाप दाबला. खट्! बस, एवढंच.

"म्हातारा झाला हो तुमचा रिव्हॉल्व्हर," कृष्णकांतराव म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंचफुलाबाई आमच्या मागोमाग धंतोलीत आल्या. "काकाजी, तुळजा वर्षभर पहाटे धावून राहिली. तिले आता काय सांगू?"

"थांब वं पोरी," गणपतराव म्हणाले. "आधी त्याची नाडी तर पाहू दे."

त्यांनी एकेक काडतूस बाहेर काढलं, रिकामी घरं उजेडात धरून पंचफुलाबाईंनाही दाखवली, आणि मगच तपासणीला हात घातला. घोडा पूर्ण ओढून त्यावर अंगठ्याने जोर दिला. तो निसटला नाही. चाक धरून हलवून पाहिलं, खिळखिळं नव्हतं. मग घोडा सावकाश ओढत त्यांनी मला कानाशी धरलं. चाक सरकलं, रेंगाळलं, थांबलं. गणपतरावांनी मला नाकाशी नेलं आणि ते हसायलाच लागले.

"अवं, दसऱ्याले कोणतं तेल पाजून राहिली तू याले?"

"जवसाचं," पार्वतीबाई स्वयंपाकघरातून ठसक्यात म्हणाल्या. "घाण्यावरचं, ताजं! देवाले चालते, मग तुमच्या बंदुकीले काहून नाही चालत?"

घ्या! जवसाचं तेल दारांना लावतात ना, तेव्हा ते वाळून कसं कडक कवच धरतं? तसंच माझ्या पोटात वर्षानुवर्षं धरलं होतं, वर हळदीचा मुलामा! मी म्हातारा झालो नव्हतो, माझे नुसते फाजील लाड झाले होते.

गणपतरावांनी माझे भाग सुटे केले, रॉकेलमध्ये भिजवले, ब्रशने घासले. पिवळा चिकटा निघतच राहिला. पार्वतीबाई ओशाळल्या. मग आत गेल्या आणि आपल्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणून नवऱ्यापुढे ठेवली. नेमका थेंब पडला, भाग जुळले, घोडा मागे गेला आणि चाक टक्क करून आपल्या जागी बसलं. काय सांगू तो आनंद! मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं.

त्याच संध्याकाळी कृष्णकांतरावांसमोर माझी पुन्हा तपासणी झाली, आणि शिट्टी हाताशी ठेवीन, या अटीवर ते राजी झाले. दुसऱ्या दिवशी मुलींची शर्यत. बँड जोरात. तुळजा पुन्हा बाहेरच्याच रेषेवर. कृष्णकांतराव गळ्यातली शिट्टी चाचपत होते. गणपतरावांनी मला आभाळाकडे धरलं, आणि मी सारा जीव एकवटून गरजलो. झाडांवरचे कावळे उडाले, बँडवाले सूर चुकले, आणि साऱ्या पोरी एकदम सुटल्या! तुळजा तर अशी पळाली की फीत तिनेच तोडली. पंचफुलाबाई रडत होत्या, हसत होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या. कृष्णकांतरावांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

आता दसऱ्याला पार्वतीबाई मला झेंडूचं फूल वाहतात आणि तेल मशीनचं, थेंबभर. तुम्ही मात्र मला हात लावू नका. ते काम गणपतरावांचं. पण मित्रांनो, माझं एक मागणं आहे. कुणी अडखळलं तर म्हातारं झालं म्हणून पेटीत टाकू नका, आधी आत काय अडकलंय ते बघा. आणि कधी शर्यत सोडायची पाळी तुमच्यावर आली, तर बाहेरच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलीलाही ऐकू जाईल, एवढा आवाज करा.