बिनचौकटीचा समुद्र

काचवाल्यांनी दुकान बंद केलं तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच उत्तर दिलं, "डोळ्यांनी दगा दिला." लोक हळहळले. चाळीस वर्षं खिडक्या, आरसे आणि दुकानांच्या शोकेस बनवलेल्या माणसाचे डोळे जावेत, ही गोष्ट पटण्यासारखीच होती. खरं कारण त्यांनी कोणालाही, अगदी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता, आणि हळूहळू डावाही त्याच्या नादाला लागला होता. शेवटच्या वर्षात त्यांनी तीन आरसे वाया घालवले आणि तिन्ही वेळा "हल्ली काचच भिकार येते" म्हणून कंपनीच्या नावाने बोटं मोडली.

घर दुकानाच्या वरच होतं. घरात ते, बायको, छापखान्यात काम करणारा मुलगा आणि अडीच वर्षांपूर्वी आलेली सून. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. सासऱ्यांशी तिचं वाकडं नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. "बाबा, चहा ठेवू?" "ठेव." दिवसभराचा संवाद एवढ्यावर आटपायचा. त्यांची तिच्याबद्दल एकच तक्रार होती, आणि ती त्यांनी बायकोच्या कानावर घातलीही होती. "पोरगी चांगली आहे गं, पण हात आखडता आहे. कधी बघ, अर्धाच कप चहा देते."

"मागा की मग अजून," बायको म्हणाली होती.

"मी कशाला मागू?" म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

एका रविवारी जेवताना सून म्हणाली, "मला घरात एक टाकी ठेवायचीय. माशांची. पण खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची."

"म्हणजे समुद्रच आणणार म्हण की," मुलगा हसला. "लाटा कोण मारणार?"

"पंप मारतो," ती शांतपणे म्हणाली. "आमच्या लॅबला खिडकी नाही. दिवसभर नळ्या आणि नंबर. घरी आल्यावर काहीतरी हलणारं, जिवंत बघावंसं वाटतं."

तिने फोनवर फोटो दाखवला. फोन फिरत फिरत काचवाल्यांकडे आला. त्यांनी तो मुलाच्या हातातच राहू दिला आणि वाकून पाहिलं. पाण्याचा एक स्वच्छ ठोकळा हवेत उभा असल्यासारखा दिसत होता.

"चौकट कुठाय?"

"नसते बाबा. ही बिनचौकटीचीच असते."

"वर पट्टी नाही, मधे आडवी काच नाही. मग पाण्याचा दाब घेणार कोण?"

"काच."

"काच नव्हे," काचवाले म्हणाले. जेवता जेवता त्यांची पाठ ताठ झाली होती. "सांधा. सगळं सांध्यावर आहे. हे असलं काम करणारा माणूस हात धुऊन देवाचं नाव घेऊनच बसला असणार."

"आपल्या कोपऱ्याच्या मापाची तयार मिळत नाही," सून म्हणाली. "कोणी बनवून देईल का?"

"बनवणारे गेले आता," ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. तिसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या दुकानाचं कुलूप काढलं. नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद, पंचेचाळीस उंच. म्हणजे एकशे ऐंशी लिटर पाणी, घरात दोन-अडीच माणसं कायमची उभी असल्यासारखं वजन. काच बारा मिलिमीटरची हवी, आणि ती हिरवट झाक नसलेली. मापं काढून त्यांनी ती कारखान्यातूनच कापून, कडा घासून मागवली. "मशीनवर कड चांगली येते," असं घरी सांगितलं. पाच काचा आल्या तेव्हा प्रत्येक कडेवरून नख फिरवून त्यांनी दोन परत पाठवल्या.

जोडायच्या दिवशी ते सुनेला म्हणाले, "आज तू नसलीस तरी चालेल."

"मला बघायचंय," म्हणून ती स्टुलावर बसून राहिली.

मग इलाज नव्हता. त्यांनी कडेने टेप चिकटवली, काचा चिकटवायच्या सिलिकॉनची नळी गनमध्ये घातली, श्वास धरला आणि घोडा दाबला. वीतभर रेघ आली. ती रेघ कसली, गांडूळच ते. काचवाल्यांनी गन खाली ठेवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"डोळ्यांना नीटसं..."

"बाबा, डोळे नाहीत," सून हळूच म्हणाली.

ते चष्मा पुसतच राहिले.

"डोळे तुमचे उत्तम आहेत. तुम्ही आतल्या खोलीतून बाहेरच्या घड्याळातली मिनिटं सांगता. मी दिवसाला चाळीस माणसांचं रक्त काढते. दिवसभर हातच तर बघते मी."

"केव्हापासून माहितीय तुला?"

"आले त्या आठवड्यापासून. भरलेला कप दिला की तुम्ही तो उचलायचाच नाही. आम्ही सगळे उठेपर्यंत गार होऊ द्यायचा, मग एकटे असताना प्यायचा. एकदा बशीत सांडलेला पाहिला मी. मग अर्धाच द्यायला लागले. अर्धा तुम्ही आमच्याबरोबर बसून पिता."

काचवाल्यांना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. अडीच वर्षं ते या मुलीला कंजूष म्हणत होते. काहीतरी बोलायला हवं होतं, पण माफी मागायची त्यांना सवय नव्हती आणि आता वयही नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला.

"तुझा हात दाखव," ते म्हणाले.

तिने हात पुढे केला. बोटं पसरून, तळवा खाली. इतका स्थिर, की वर पाण्याचा थेंब ठेवला असता तरी हलला नसता.

"शिरेत सुई किती वेळा घालतेस?"

"एकदाच. दुसऱ्यांदा घालावी लागली तर मला दिवसभर चैन पडत नाही."

"हेही एकदाच. मधे थांबायचं नाही. थांबलीस की हवा शिरली. धर ही गन."

त्यांनी ते गांडूळ खरवडायला लावलं, कड स्पिरिटने पुसायला लावली, नळीचं तोंड तिरकं कापायला लावलं. मग तिच्या मागे उभे राहिले. "चल. चल. पुढे ढकलू नकोस, बरोबर ने. खांदा सोड. कोपरा येतोय, वेग तोच ठेव. चल माझी बाई, चल." हे शेवटचं तोंडातून निघून गेलं आणि दोघांनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आठवडाभर सांधे सुकू दिले. मग टाकीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून दुकानातच पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कोपऱ्यातला कागद ओला होता. फार नाही, नाण्याएवढा. पण सुनेचा चेहरा पाहवेना.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

"शाब्बास," काचवाले म्हणाले. "पहिल्या फटक्यात कोरडी राहिली असती तर मलाच संशय आला असता. माझी पहिली शोकेस तर मालकाच्या पायावर पडली होती."

"खरंच?"

"अंगठ्यावर. तेव्हापासून तो मला 'अंगठेबहाद्दर' म्हणायचा, जाईपर्यंत."

पुढचे दोन रविवार सांधे कापण्यात आणि पात्याने खरवडण्यात गेले. पातं ती चालवायची, पुसण्याचं काम ते करायचे. पुसताना हात थरथरला तर काय बिघडतं? उलट फडकं आपोआप फिरतं, असं ते स्वतःच म्हणाले आणि स्वतःच हसले. हातांबद्दल त्यांनी केलेला हा पहिला विनोद. दुसऱ्या खेपेला टाकी तीन दिवस भरलेली राहिली आणि कागद खडखडीत कोरडे. काचेखालच्या जाहिराती ते उगाचच मोठ्याने वाचत बसले.

मुलाने आणि छापखान्यातल्या दोन मित्रांनी टाकी जिन्याने वर नेली. काचवाले पुढे उलटे चालत "कोपरा! कोपरा!" असे ओरडत होते. स्टँडवर पाणसळ ठेवली तर तिच्यातला बुडबुडा एका बाजूला पळाला.

"तीस वर्षं राहतोय इथे, आणि जमीन खिडकीकडे उतरते हे आज कळतंय!"

"मला माहिती होतं," बायको म्हणाली. "माझे कांदे नेहमी तिकडेच घरंगळत जातात."

पायांखाली पट्ट्या सरकवून बुडबुडा मधोमध आणला, आणि मग समुद्र तयार करायला सुरुवात झाली. गाळलेलं पाणी, त्यात मोजून मीठ, वाळू, मग पाळीव माशांच्या दुकानदाराने दिलेले भोकाभोकांचे दगड. सून म्हणाली की या दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते पाणी राहण्याजोगं करतात. तोवर मासे सोडायचे नाहीत.

"तोवर म्हणजे किती?"

"महिना. दीड महिना."

दीड महिना ते कुटुंब पाणी आणि दगड बघत बसलं. रोज संध्याकाळी सून छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायची आणि रंग ताडून बघायची. रंग ओळखण्यात काचवाल्यांचा हातखंडा होता, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं. "काल हिरवं होतं, आज पिवळ्याकडे झुकलंय," ते सांगायचे, आणि ती वहीत लिहायची. मधेच सगळ्या दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर चढला. काचवाल्यांची भूक मेली. "येतो आणि जातो," सून म्हणाली, आणि खरंच पंधरा दिवसांत गेला. उरलंसुरलं सुनेने आणून सोडलेल्या गोगलगायींनी फस्त केलं.

बायको शेजारणीला सांगत होती, "सुनेला पाण्यात पाहणारे सासरे पुष्कळ ऐकलेत. आमचे हे सुनेबरोबर पाण्यात पाहत बसतात."

पहिला मासा आला तो अंगठ्याएवढा, पिवळाधमक. दगडाखालच्या बिळाच्या तोंडाशी बसायचा, ओठ खाली पाडून. कोणी जवळ आलं की 'आज वेळ नाही, उद्या या' असा चेहरा करायचा. मुलाने त्याचं नाव 'साहेब' ठेवलं.

साहेब येऊन तीन आठवडे झाले असतील. दुपारची वेळ. मुलगा आणि सून कामावर, बायको बाजारात. काचवाले पेपर वाचत होते. टप् असा आवाज झाला. त्यांनी मान वर केली. बीळ रिकामं. टाकीला चौकट नाही, झाकण नाही. साहेब जमिनीवर होता, टेबलाच्या पायाशी, अंगाला धूळ लागलेला, कल्ले उघडमीट करत.

काचवाले पेपर टाकून उठले. हात एरवी थरथरत, आता ते वाऱ्यावरच्या पानासारखे उडायला लागले. त्यांनी उचलायला बोटं नेली तर मासा सटकला. पुन्हा नेली, पुन्हा सटकला आणि टेबलाखाली आणखी आत गेला. हाक मारायला घरात कोणी नव्हतं.

त्यांनी आधी दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत बुडवून ओले केले. मग जमिनीवर पालथे पडले. गुडघ्यांनी जोराची तक्रार केली, तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दोन्ही हातांच्या पाठी जमिनीला टेकवल्या. टेकल्यावर हात बरेच निवांत झाले. मग पकडायचा प्रयत्न सोडून त्यांनी ओंजळ हळूहळू त्याच्याखाली सरकवली. "ये रे बाबा. ये साहेबा. येतोस का." मासा ओंजळीत आला. कोपरं बरगड्यांना गच्च दाबून ते कसे उठले, त्यांनाही सांगता आलं नसतं. चार पावलं चालले आणि हात सरळ पाण्यात नेले. वर कसलीच अडचण नव्हती.

साहेब आडवाच तरंगला. एक मिनिट, दोन मिनिटं. मग एक पर हलला. मग अंग सरळ झालं. मग काही घडलंच नाही अशा तोऱ्यात तो बिळात गेला आणि ओठ पाडून बसला.

बायको परतली तेव्हा हे जमिनीवर बसलेले, शर्ट ओला, भोवती पाणी. तिच्या हातातली पिशवीच गळाली. "पडलात? कुठे लागलं?"

"पडलो नाही." त्यांनी हात पुढे केले. "अगं, माझे हात थरथरतात."

"हो," ती म्हणाली.

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो. तुमच्या शर्टाची बटणं मी मोठी लावून घेतली, ती काय शोभेला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या कष्टाने लपवत होतात," ती त्यांच्याशेजारी ओल्या जमिनीवर बसत म्हणाली, "मला मोडवेना."

संध्याकाळी त्यांनी मुलालाही सांगितलं. तोही माहीत असल्यासारखा मान खाली घालून बसला. सुनेने त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर काहींना होतं, जिवाला धोका नाही, गोळीने थोडं कमी होईल. थोडं कमी झालंही. काच कापण्याइतकं नाही, पण शर्टाची बटणं स्वतः लावण्याइतकं. टाकीवर बसवायला त्यांनी बारीक जाळीचं झाकण करून घेतलं. जाळी ताणली बायकोने, कोपरे जोडले सुनेने. मुलगा म्हणाला, "झालं, शेवटी चौकट आलीच." काचवाल्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा आणायला उठला.

त्यानंतर सुनेने पहिलं प्रवाळ आणलं. फिकट तपकिरी, छत्रीसारखं, दगडाला चिकटवलेलं. माशांच्या दुकानात म्हणे त्यावर सगळीकडे बारीक तंतू हलत होते. घरी आल्यावर ते मिटलं ते मिटलंच. वर मेणचट साय धरली. चार दिवस झाले, सात झाले. सून पाणी तपासायची, प्रकाश कमी करायची, पंपाचं तोंड फिरवायची आणि झोपायला जायची. नवव्या दिवशी सकाळी कामावर निघताना ती टाकीकडे न बघताच गेली.

दुपारी साडेबाराला तिचा फोन वाजला. पडद्यावर 'बाबा' पाहून तिने हातातली नळी खाली ठेवली. सासऱ्यांनी तिला आजवर कधी फोन केला नव्हता.

"बाबा? काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. झोपल्यात." पलीकडे पंपाचा बारीक आवाज येत होता. "उघडलंय."

"काय?"

"अगं, ते तुझं. साय गळून गेली सगळी. आधी एका बाजूने चार-पाच तंतू निघाले, मला वाटलं भास होतोय. आता पूर्ण उघडलंय. सगळे हलतायत."

लॅबमध्ये मागे कोणीतरी पुढचा नंबर पुकारला.

"मी सहाला येते," ती म्हणाली. "तोवर मिटायला देऊ नका हं बाबा."

"ते काय माझं ऐकणार आहे?" काचवाले म्हणाले. मग फोन कानाला तसाच धरून त्यांनी पायाने स्टूल टाकीजवळ ओढलं. "तू कामाचं बघ. मी बसलोय इथे. रंग सांगू का? कडेला हिरवट आहे. हिरवट म्हणजे अगदी हिरवं नाही, कसं सांगू तुला..."

आणि रक्त द्यायला आलेला माणूस बाही वर करून वाट बघत असताना, सून तो हिरवा शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.