अनुभवाचे तीस गुण

बाजाराच्या रस्त्याची फेरबांधणी करायची होती आणि त्यासाठी आम्ही सल्लागार निवडत होतो. साहेबांनी गुणपत्रक माझ्यापुढे सरकवलं.

"या कंपनीला अनुभवाचे तीसपैकी तीस द्या. अशी तीन कामं झालीत त्यांची."

मी त्यांची फाइल चाळली आणि माझं डोकंच सणकलं. तिन्ही कामं याच रस्त्याची होती. दर दोन वर्षांनी रस्ता खचायचा आणि नवा आराखडा पुन्हा हेच काढायचे.

मी अनुभवापुढे शून्य लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"मॅडम, नियमाप्रमाणे कामं मोजायची असतात," साहेब म्हणाले. "वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?"

"सांगा, चौथीत तीनदा बसलेल्याला बारावी पास म्हणत नाहीत."