दुकान वाढवतोय

कर्जतच्या बाजारात हरीशेटच्या तोंडून ‘बंद’ हा शब्द कोणी ऐकला नव्हता. नळ ते ‘फिरव’ म्हणत, पंखा ‘थांबव’ म्हणत, आणि संध्याकाळी गल्ल्यावरून उठताना बायकोला म्हणत, ‘‘उमा, वाढव गं.’’ मग उमाताई शटरचा आकडा घेऊन पुढे होत. ही वडिलांची शिकवण होती. नारळ फुटत नाही, वाढतो. बांगडी फुटत नाही, वाढते. तसंच दुकानही आपण वाढवतो. वाईट शब्द तोंडातून काढला की तो खरा होतो, असा जनार्दनशेटांचा पक्का समज होता. हरीशेटना वारशात तांब्यापितळेची भांडी मिळाली, तसा हा समजही मिळाला.

जनार्दन भांडी भांडार चालायचं ते खेड्यांतल्या लग्नघरांवर. कडाव, कशेळेकडची माणसं मुलीचं लग्न ठरण्याआधीपासून एकेक भांडं घेऊन ठेवत. एकदा हंडा, भात झाल्यावर परात, गणपतीनंतर डबे. हरीशेट प्रत्येकावर मुलीचं नाव घालून ते माळ्यावर रचत आणि लग्नाच्या आधल्या दिवशी सगळा संसार टेंपोत भरून देत. लोक इतका भरवसा बँकेवरही ठेवत नसत. पण आता शिळफाट्याला काचेची मोठी शोरूम झाली होती, आणि प्रेशर कुकर तर फोनमधून घरपोच येत होता. माळा दर वर्षी थोडा थोडा रिकामा राहू लागला.

मुलगा यज्ञेश पुण्यात नोकरीला. त्यानं दिवाळीत स्पष्टच सांगितलं की ही एक लग्नसराई बघू. नाही जमलं तर जागा मोबाईलवाल्याला देऊन टाकू, तो कधीचा मागतोय. हरीशेट ‘बरं’ म्हणाले. म्हणाले खरे, पण रात्रभर त्यांना झोप नव्हती. दुकानाशिवाय आपण सकाळी उठून काय करायचं, हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. निघताना यज्ञेशनं एक उपायही सांगितला: एखादी चांगली एजन्सी धरा. हरीशेटना आधी गॅसचीच आठवली. मग उलगडा झाला की आता दुकानाचा गवगवा करायलाही एजन्सी लागते.

पहिला आला तो पनवेलचा. हवेत बोलणारा माणूस. त्यानं लॅपटॉप उघडून तासभर हिंदीत ‘ब्रँड स्टोरी’ समजावली. हरीशेटनी शेवटी विचारलं, कडावला कुठल्या बाजूनं जातात ठाऊक आहे का? त्याला ठाऊक नव्हतं. दुसरा शिळफाट्याचा, मूळचा वाढदिवसाचे बॅनर छापणारा. तो म्हणाला, तालुक्यातल्या एकूण एक ग्रुपवर टाकतो, फक्त कोपऱ्यात माझा फोटो राहील. नमुना दाखवला तर त्यात दुकान कोपऱ्यात होतं आणि मधोमध हा गॉगल लावून उभा. उमाताईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही, यावरून काय ते समजा.

तिसरी सानवी. रसायनीची मुलगी, बरोबर दोघांची टीम आणि एक कॅमेरा. ती आली, चपला बाहेर काढून आत आली, माळ्यावरचे हंडे बघून तिचे डोळे चमकले. एका परातीवरचं नाव तिनं बोट फिरवून वाचलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘‘काका, आपण हे दुकान वाढवूया.’’

हरीशेटनी चटकन भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. उमाताईंनी हळूच त्यांच्याकडे पाहिलं. पोरीच्या मनात काही नव्हतं. तिला वाढवणं म्हणजे मोठं करणं एवढंच माहीत. तेव्हाच तिला थांबवून सांगायचं, बाई, हा शब्द आमच्याकडे असा वापरत नाहीत. पण माणूस म्हातारपणी एकाच गोष्टीला भितो, की पोरं आपल्याला हसतील. हरीशेटनी नुसती मान डोलावली. तिघांत हीच बरी, असं दोघांनी ठरवलं, आणि ते चुकीचंही नव्हतं. तिच्यासारखं मन लावून काम आधीच्या दोघांनी केलं नसतं.

रील करायचं ठरलं. सानवीनं दोन वाक्यं लिहून दिली: लग्नसराईसाठी दुकान वाढवतोय, नवा माल आलाय, नक्की या. हरीशेट इस्त्रीचा सदरा घालून गल्ल्यावर बसले. कॅमेरा सुरू झाला आणि माणसाचं पाठांतर पार उडालं. लग्नसराई गेली, नवा माल गेला. मग सवयीनं, आल्यागेल्याशी बोलतात तसं, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘‘इतकी वर्षं लोभ ठेवलात. आता दुकान वाढवतोय. एकदा येऊन भेटून जा.’’

सानवी खूश झाली. इतकं खरं कोणी बोलत नाही काका, म्हणाली, पुन्हा घ्यायचं नाही. मागे तिनं बासरी लावली. लोकांना हळवं आवडतं म्हणे.

रील वाऱ्यासारखं पसरलं. पाहणाऱ्यांचा आकडा सानवी रोज फोन करून सांगे. खाली शेकडो लोकांनी जोडलेले हात टाकले होते, रडणारे चेहरे टाकले होते. लोकांना भिडलंय, ती म्हणायची. मुंबईहून फार्महाऊसला येणाऱ्या चारदोन बायका हंड्याशेजारी उभ्या राहून फोटो काढून गेल्या. घेतलं कोणीच काही नाही. हरीशेटना ते रडणारे चेहरे पाहून कसंसंच होई, पण नव्या जगाची रीत असेल म्हणून ते सोडून देत.

मग एका सोमवारी दुकानापुढे टेंपो थांबला. कडावच्या पुढचे भिवाजी, जनार्दनशेटांच्या वेळचं गिऱ्हाईक, पोराला घेऊन उतरले. नात अक्षदाचा सगळा संसार माळ्यावर होता, लग्न वैशाखात. भिवाजींनी टोपी काढली, गल्ल्यासमोर बसले आणि अक्षदाची भांडी खाली काढायला सांगितली. हरीशेट म्हणाले, अजून समई यायचीय, डब्यांवर नाव घालायचंय, एवढी घाई कसली?

‘‘हरीशेट, आमी कोना दुसऱ्याच्या तोंडून नाय आयकलं,’’ भिवाजी म्हणाले. ‘‘तुमीच हात जोडून सांगितलं. सांगून चाललाव, येवढंच लय झालं.’’

लोकांनी रीलचा काय अर्थ घेतला, ते हरीशेटच्या आता ध्यानात आलं. ते घाईघाईनं सांगू लागले की तसं नाही, वाढवतोय म्हणजे मोठं करतोय.

भिवाजींनी मान हलवली. त्यांना वाटलं, शेट लाजेपायी झाकतायत. ‘‘तुमचा बाप रोज सांजंला वाढव म्हनायचा. तवा काय मोठं करायचा?’’

भिवाजींनी जाताना खांद्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं की समई शिळफाट्याहून घेतली, गावातल्या बाकीच्या लग्नघरांनीही तिकडेच नोंदवलंय. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. ती हरीशेटना फार लागली.

आठवडाभर टेंपो येत राहिले. प्रत्येकजण आपापलं नाव ओळखून उतरवून घेई, आणि जाताना हरीशेटच्या पाया पडे. मयताच्या घरी बोलतात तितक्या हळू लोक बोलत होते. उमाताई आत जाऊन डोळे पुसून येत आणि पुन्हा भांडी काढून देत.

सानवीला कळलं तेव्हा ती पोर धावत आली. तिचा चेहरा पडला होता. तिनं माफी मागितली, पैसे नको म्हणाली, आणि लगेच नवं रील करू म्हणाली. अगदी साधं. काकांनी फक्त एवढंच म्हणायचं: दुकान बंद होत नाहीये.

हरीशेट पुन्हा सदरा घालून बसले. कॅमेरा सुरू झाला. ‘‘दुकान,’’ ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले, ‘‘आपलं दुकान... तसं काही नाही.’’ सानवीनं समजुतीनं सांगितलं, काका, तो शब्द यायलाच हवा, नाहीतर लोकांना कळणार कसं? ते पाणी प्यायले. पुन्हा बसले. गल्ल्यावर बसून, वडिलांच्या फोटोसमोर, तो शब्द त्यांच्याच्यानं काढवेना. उमाताई शेवटी म्हणाल्या, ‘‘अहो, म्हणून टाका ना एकदा.’’ हरीशेट उठून मागे गेले आणि उगाच एक परात पुसत उभे राहिले.

सानवीनं मग तेच वाक्य वर लिहून दुकानाचा फोटो टाकला. त्याच्यावर हरीशेटचा चेहरा नव्हता, आवाज नव्हता, बासरी नव्हती. तो कोणी पाहिला नाही. पहिलं रील मात्र फिरतच राहिलं. सानवीनं ते काढून टाकलं, तरी ज्यांनी उतरवून घेतलं होतं त्यांच्या फोनमधून ते गावोगाव जात होतं, आणि प्रत्येक गावात हरीशेट हात जोडून निरोप घेत होते.

लग्नसराई आली आणि दारावरून गेली. वराती वाजल्या, रुखवतं निघाली, त्यातलं एक भांडंही जनार्दन भांडी भांडारचं नव्हतं. यज्ञेश आला आणि मोबाईलवाल्याशी कागद करून गेला. उरलेली भांडी वजनावर मोडीत गेली. त्यांत एक पितळी डबा निघाला, अक्षदाचा, राहून गेलेला. त्यावर नुसतं ‘अक्ष’ एवढंच कोरलं होतं. हरीशेटनी कोरायचं यंत्र काढून नाव पुरं केलं आणि डबा भिवाजींकडे पाठवून दिला.

किल्ल्या दुपारीच द्यायच्या होत्या. बाहेर बाजार भरात होता. रिकाम्या माळ्याखाली दोघंच उभी होती. भिंतीवरचा वडिलांचा फोटो हरीशेटनी पिशवीत ठेवला. उमाताईंनी आकडा हातात घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं विचारलं, ‘‘वाढवू ना?’’

हरीशेट पायरी उतरले. वळून एकदा आत पाहिलं.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘बंद कर.’’