ओरिनचे नरम टायर

"दुसरीकडे जा," गेलन म्हणाला. "तुला देण्यासारखे टायर माझ्याकडे नाहीत."

त्याच्या पाठीमागे छतापर्यंत टायरच टायर रचलेले होते.

"दुसरीकडे कुठे जाऊ?" ओरिन म्हणाला. "मागचा टायर फाटलाय. स्पेअरवर आलोय आणि स्पेअरही आजचा दिवस निघेल इतकाच आहे."

"मग चालत जा."

कॉफीच्या यंत्रापाशी बसलेले दोघे रँचवाले फिदीफिदी हसले. मी खुर्चीत दात आवळून बसले होते. मला गेलनचा राग येत होता, त्या दोघांचा येत होता आणि सगळ्यांत जास्त माझ्या नवऱ्याचा, ओरिनचा येत होता. टोपी हातात धरून असा उभा होता, जणू मास्तरांनी वर्गाबाहेर काढलंय.

ओरिन आमच्या जिल्ह्याचा कॉरोनर आहे. मोंटाना राज्याच्या या पूर्वेकडच्या टोकाला माणसांपेक्षा गाई जास्त. कुणी रँचवर मेलं, ओढ्यात बुडालं, ट्रॅक्टरखाली सापडलं, की ओरिनने तिथे पोचायचं, मरण कशाने आलं ते ठरवायचं आणि देह स्वतःच्या पिकअपमध्ये घालून गावात आणायचा. लोक त्याला दर वेळी निवडून देतात, कारण हे काम दुसऱ्या कुणाला नको असतं.

गेलनचं वैर दोन वर्षांपूर्वीचं. त्याचा धाकटा भाऊ लायल आपल्या रँचवरच्या कोठारात बंदुकीच्या गोळीने गेला. गेलनने ओरिनच्या हातापाया पडून सांगितलं होतं की बंदूक पुसताना गोळी सुटली असं लिही. ओरिनने जे पाहिलं तेच लिहिलं, आत्महत्या. तेव्हा मीसुद्धा भांडले होते त्याच्याशी. लिहिलं असतं तर कुणाच्या बापाचं काय गेलं असतं? तर म्हणाला, "मार्लिस, एकदा खोटं लिहिलं, की माझं खरं कोण मानणार?" असल्या उत्तरापुढे काय बोलणार, कपाळ! आठवडाभर मी त्याला गार जेवण वाढलं.

"गेलन, दे त्याला टायर," गल्ल्यावरून आवाज आला. गेलनची आई आर्डिस तिथे बसते. ऐंशीच्या घरातली आहे, पण दुकान अजून तिच्याच धाकात आहे.

"आई, तू मध्ये पडू नकोस. ज्या माणसाने लायलला गावभर बदनाम केलं..."

"दे म्हटलं ना."

गेलनने रॅकवरून एक टायर ओढला आणि ओरिनच्या पायांपुढे असा आपटला, की त्याला मागे सरकावं लागलं. दहा-प्लायचा, म्हणजे दहा थरांचा जाडजूड होता. आमच्याकडे सगळे हाच घेतात. बर्फात धरतो, चिखलात धरतो आणि आमच्या रस्त्यांवरचे धारदार दगड त्याची बाजू फाडू शकत नाहीत.

"हा नको," ओरिन म्हणाला. "तो वरचा दे. नक्षी हीच, पण बाजू पातळ. नरम चालतो तो."

गेलन मोठ्याने हसला.

"नरम? तू मागे मढी घालून हिंडतोस ना रे? त्यांची कंबर दुखते होय? कुणी उठून तक्रार केली का?"

रँचवाले आता मांड्या थोपटून हसत होते. लाज वाटते सांगायला, पण मीही गेलनच्याच बाजूने बोलले. "ओरिन, पुरे झाला हट्ट. पातळ टायर दगडावर फाटेल. जानेवारीत, उणे तीसमध्ये, निर्जन रस्त्यावर तू जॅक लावत बसणार आणि मी घरी खिडकीशी जीव टांगून. मेलेल्यांच्या आरामासाठी?"

टायर बदलायचे ठरल्यापासून महिनाभर हेच चाललं होतं आमचं. कारण विचारलं, की एकच पालुपद, "गाडी फार आदळते." आताही तेवढंच म्हणाला आणि मान खाली घातली.

"आदळते!" गेलन त्याच्या अंगावर गेला. "त्या दिवशी नाही आदळली? दुपारभर माझ्या भावाला घेऊन कुठे फिरत होतास तू? मी इथे दारात उभा. विचारलं तर म्हणे रस्ता खराब होता. वाटेत कॉफी ढोसायला थांबला होतास ना? बोल की!"



"तक्रार मी केली होती," आर्डिस म्हणाली.

गेलनने वळून पाहिलं.

"मी लायलकडेच होते त्या दिवशी. येताना पुढे बसले होते, ओरिनच्या शेजारी," ती म्हणाली. ती आमच्याकडे बघतच नव्हती. "तो रस्ता कसा आहे माहितीय ना तुला, पन्हाळी पत्र्यासारखा. टायर हेच, दगडासारखे. दर खड्ड्याला मागे लायलचं डोकं आपटायचं. मला ऐकू यायचं. मी म्हटलं, ओरिन, हळू घे रे, पोराला लागतंय. यानं पायी चालावं तशी गाडी चालवली. तरी आपटायचंच. मग मी थांबवायला लावली, मागे चढले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गाव दिसेपर्यंत तशीच बसले, मग तू बघू नयेस म्हणून वेशीवरच उतरले."

"मागे? त्या गारठ्यात?" गेलनचा आवाज फाटला. "मला का नाही सांगितलंस?"

"वाटभर मी गुरासारखी ओरडत होते. ते तुला कळायला नको होतं. ओरिनला शपथ घातली होती, कुणाला सांगशील तर बघ."

त्याने मलाही सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या बायकोला! मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याला बदडून काढावंसंही वाटलं.

रँचवाल्यांनी आपापले कप ठेवले आणि मुकाट्याने बाहेर पडले. गेलनने वरचे नरम टायर खाली काढले. चारही. एकेक चाक खोलून तो टायर चढवत राहिला. ओरिन हात लावायला पुढे झाला, तर गुरगुरला, "लांब हो." शेवटचा नट आवळून झाल्यावर उठला आणि ओरिनच्या तोंडासमोर बोट नाचवून म्हणाला, "तू जे लिहिलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"नको विसरूस," ओरिन म्हणाला.

मग गेलनने पिकअपचं मागचं फळकं उघडलं, वर चढला आणि उघड्या पत्र्यावर उताणा पडला.

"हे काय?" मी विचारलं.

"हवा किती ठेवायची ते रिकाम्या गाडीत कळत नाही," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "कच्च्या रस्त्याला घे."

आम्ही पुढे बसलो. डांबर संपलं आणि पहिल्याच खड्ड्याला मागे ठक्कन आवाज झाला. ओरिनने स्टिअरिंग घट्ट धरलं. गेलनने काचेवर मूठ मारली. उतरला, चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली आणि परत जाऊन आडवा झाला.

"डोक्याखाली हात घे," ओरिनने खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं. "लागेल."

"लायलने घेतला होता का?"

ओरिनने पुन्हा गाडी काढली. खड्डे तेच होते, गाडी डुलत होती, पण मागून आवाज येत नव्हता. गेलन थांबवेल म्हणून आम्ही काचेवरच्या मुठीची वाट पाहत होतो. बरंच पुढे आलो तरी ती वाजली नाही.

"वळवू का?" ओरिनने विचारलं. "हवा बरोबर झालेली दिसतेय."

मी मागे वळून पाहिलं. गेलनने टोपी तोंडावर ओढून घेतली होती आणि ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती. त्याची छाती हलत होती.

"नको," मी म्हटलं. "अजून थोडं पुढे घे."